वहीत आभार, शॉपवर आरडाओरड

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत प्रॉडक्शन बघणारे 44 वर्षांचे वाचक लिहितात: ‘फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, हेल्पर म्हणून लागलो, आज दोन शिफ्ट मिळून साठ माणसं माझ्या हाताखाली आहेत. ऑर्डर वेळेत जायला हवी, रिजेक्शन वाढायला नको, माणसं टिकायला हवीत. सगळं माझ्याच डोक्यावर. पाच महिन्यांपूर्वी कंपनीत एक ट्रेनर आले होते. रोज रात्री तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा, मन शांत राहील, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून एक रात्रही चुकवलेली नाही. गेल्या महिन्यात हीट चालू असताना, म्हणजे भट्टीत लोखंड वितळत असताना, वीज गेली. मी भट्टीकडं धावलो तर भट्टीवाले काका जागेवर नव्हते. चार-पाच मिनिटांनी आले आणि मी सगळ्यांसमोर त्यांना नको ते बोललो. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, हुक्केरीकडचे, कन्नड बोलणारे. एरवी मी त्यांना काकाच म्हणतो. त्या दिवशी तोंडातून “ए” गेलं. नंतर कळलं, वीज जाताच ते मागच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व उघडायला पळाले होते, म्हणून भट्टीची कॉइल गार राहिली आणि वाचली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. मला मात्र झोप नाही. मी भाषेवरून बोललो अशी शॉपवर, म्हणजे कामाच्या जागी, कुजबुज आहे. मालक म्हणतात, नशीबवान आहेस, जरा कृतज्ञ राहायला शीक. बायको म्हणते, त्या वहीत माझं नाव येतं काय कधी? इतकं लिहूनही डोकं तापतंच. माझ्यात कृतज्ञताच नाही का? की हे सगळं थोतांड आहे?’

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि एक राहिलेलं काम आहे. प्रश्नांचं नंतर बघू, काम आधी.

काकांची माफी मागायची राहिली आहे. तुम्ही मागितली असती तर पत्रात लिहिलं असतं. महिना झाला. दिवस गेले की आता विषय काढायचा कशाला असं वाटतं, आणि तेही काही बोलत नाहीत, म्हणजे विसरले असतील अशी आपण आपली समजूत घालतो. ते विसरलेले नाहीत. साठीला आलेल्या माणसाला चारचौघांत ‘ए’ म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो, कारण घर चालवायचं असतं. त्याचा अर्थ मिटलं असा होत नाही.

माफी चारचौघांतच मागा. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर. केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून, हळू आवाजात मागितलेली माफी तुमची लाज वाचवते, त्यांची गेलेली पत भरून देत नाही. शिफ्ट सुरू होताना सगळे उभे असतात तेव्हा दोन वाक्यं पुरेत: ‘त्या दिवशी मी काकांना न विचारता बोललो. ते टाकीकडं गेले म्हणून आपली भट्टी वाचली, चूक माझी होती.’ आणि त्यांच्याकडं वळून त्यांच्या भाषेत, ‘नंदु तप्पात्री, काका’ (माझी चूक झाली). उच्चार चुकला तरी चालेल. वीज गेली होती, मला टेन्शन होतं, ही कारणं जोडू नका. ती सगळ्यांना माहीत आहेत.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या मनात ते नव्हतं यावर माझा विश्वास आहे. पण 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या या पट्ट्यात तो दुखरा भाग आहे. मराठी साहेब कन्नड कामगारावर ओरडला की आजूबाजूचे ते रागावणं म्हणून ऐकत नाहीत, आणि कन्नड साहेब मराठी माणसावर ओरडला तरी तेच होतं. इथं माणसं सांभाळणाऱ्यानं हे धरूनच चालायला हवं. कुजबुजीला उत्तर देत बसू नका. तुमच्या तोंडून सगळ्यांसमोर निघालेले ते दोन कन्नड शब्द पुष्कळ काम करतील.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझ्यात कृतज्ञताच नाही का?

हा शब्द जरा फोडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. त्यात गोड वाटणं नाही, शांत वाटणं नाही, हात जोडणंही नाही. कोणी काय केलं हे माहीत असणं, एवढंच आहे. त्या दिवशी तुमच्याकडं नेमकं तेच नव्हतं. काकांनी काय केलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. वीज गेल्यावर भट्टीत 1400 अंशांच्या आसपासचं लोखंड तसंच असतं, पंप बंद पडतो, आणि कॉइलमधलं पाणी थांबलं तर कॉइल जळायला वेळ लागत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. तरी त्या क्षणी तुम्हाला दिसली ती रिकामी जागा. ती जागा का रिकामी आहे हे विचारायच्या आधीच निकाल लागला.

म्हणून तुमच्या स्वभावात खोट आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडं माहिती कमी पडली. आणि माहिती कमी का पडली याचं उत्तर मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात सापडलं: ‘सगळं माझ्याच डोक्यावर.’

हे वाक्य खरं आहे का? मला तुम्हाला हेच विचारायचं आहे. माणसं सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी ते असतं, आणि मनापासून असतं. हेल्परपासून चढत आलेल्या माणसाच्या तोंडी तर जास्तच, कारण प्रत्येक काम त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं असतं, ते दुसऱ्याकडं आहे हे हाताला पटत नाही. पण जो माणूस सगळं माझ्याच डोक्यावर आहे असं मानून शॉपवर फिरतो, त्याला साठ माणसांत साठ अडचणी दिसतात. कोणी किती वजन उचललं आहे ते दिसत नाही. वीज गेली तेव्हा तुम्ही धावलात, आणि त्याच वेळी तुमच्या आधी एक माणूस धावला होता. तुम्ही एकटे नव्हता. एकटं असल्याची भीती मात्र खरी होती, आणि ती रागाच्या रूपात बाहेर पडली.

कृतज्ञतेनं मन शांत होतं हे खरं आहे, पण कसं होतं ते सांगताना लोक मधली पायरी गाळतात. आपलं वजन आणखी किती जणांनी धरलं आहे हे जसजसं कळत जातं, तसतशी छातीतली धडधड कमी होते. या जाणण्याशिवाय नुसतं लिहून काही होत नाही.

आता तुमची वही. पाच महिने, रोज तीन गोष्टी. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. आरोग्य, कुटुंब, नोकरी. दुसऱ्या दिवशी कुटुंब, नोकरी, आरोग्य. शाळेत शिक्षा म्हणून शंभर वेळा एकच ओळ लिहायला लावायचे, तसं झालं असणार. शंभराव्या ओळीला हात लिहितो, डोकं दुसरीकडं असतं.

हे थोतांड नाही. 2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. आठवड्यातल्या कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा या गटाला आपलं आयुष्य बरं चाललंय असं वाटलं, अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारीही कमी निघाल्या. दोन वर्षांनी मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या दुसऱ्या प्रयोगात सहा आठवडे काही जणांनी आठवड्यातून एकदा लिहिलं, काहींनी तीनदा. समाधान वाढलं ते एकदा लिहिणाऱ्यांचं. तीनदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे रोज लिहून काही झालं नाही यात तुमचा दोष मानायचं कारणच नाही.

तेव्हा रोजची वही बंद करा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, आठवड्यातून एकदा, एकच नोंद करा. त्यात माणसाचं नाव हवं. त्यानं काय केलं ते हवं. आणि त्यानं ते केलं नसतं तर काय झालं असतं, ते हवं. ‘नोकरी’ असं लिहू नका. ‘अमक्यानं कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) पुन्हा तपासला, नाहीतर अख्खा लॉट ब्लोहोलमध्ये (आतल्या पोकळ्यांमुळं) गेला असता’ असं लिहा. तिसरा भाग सोडू नका, खरं वजन त्यातच कळतं. सुरुवातीला लिहायला काही सापडणार नाही. ते चांगलं लक्षण आहे. पुढच्या आठवड्यात तुम्ही शॉपवर फिरताना बघायला लागाल.

माझे आजोबा खानापूर तालुक्यातले, बैलजोडीचे शेतकरी. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कारहुणवी, हा बैलांचा सण ज्येष्ठ पौर्णिमेला येतो हे तुम्हाला माहीतच आहे. आदल्या संध्याकाळी आजोबा गोठ्यात कंदील घेऊन बसायचे. गरम पाण्यात फडकं भिजवून बैलाचा खांदा शेकायचे आणि मग हळद घातलेलं तेल चोळायचे. मी शिंगाला तेल लावायला जायची तर म्हणायचे, ‘शिंगाचं उद्या. आधी जिथं जू घासतंय तिथं बघ.’ कंदील जवळ नेऊन त्यांनी मला ती जागा दाखवली होती. केस गेलेले, कातडी घट्ट झालेली, हाताला चामड्याच्या तळव्यासारखी लागणारी. तिथं ते बोटांनी गोल गोल चोळत राहायचे, बैल मान खाली घालून उभा असायचा. दुसऱ्या दिवशी रंग, झूल, पुरणपोळी. आणि त्या दिवशी खांद्यावर जू नाही म्हणजे नाही, कितीही घाई असो.

मला आभार मानण्याची रीत तिथं कळली. जू कुठं घासतं ते आधी माहीत असायला हवं. आणि विसावा द्यायला हवा, नुसते शब्द पुरत नाहीत. तुमच्याकडं खंडेनवमीला भट्टी, कॉम्प्रेसर, ग्राइंडर सगळं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालता, कोहळा फोडता. त्याच मनानं भट्टीपुढं उभ्या असणाऱ्या माणसाकडं बघायचं आहे. त्याचं जू कुठं घासतंय? सलग रात्रपाळी लागते? हातमोजे फाटलेत? पंख्याचा वारा त्याच्यापर्यंत येत नाही? काकांच्या बाबतीत मी तुमच्या जागी असते तर एक गोष्ट नक्की केली असती. वीज गेल्यावर साठीच्या माणसाला पळायला लागतं, तेव्हा ते काम कोण करणार, त्याच्या जोडीला कोण, हे ठरवून भिंतीवर लिहून टाकलं असतं. काकांना त्याहून मोठं ‘थँक्यू’ काय असणार?

शब्दांचं सांगते, कारण बरेच जण तिथंच अडखळतात. आपल्यात घरच्या माणसाला, सोबतच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणायची पद्धत नाही. म्हटलं तर परकं वाटतं. मग म्हणू नका. आपल्याकडं त्यासाठी दुसरी वाक्यं आहेत: ‘तू होतास म्हणून आज निभावलं.’ ‘बरं झालं तू बघितलंस.’ कन्नड माणसाला दुपारी भेटल्यावर ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलात, तरी पुष्कळ झालं. फक्त नेमकं बोला. ‘छान काम चाललंय’ हे सगळ्यांना म्हणता येतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही.

सांगायला अवघड वाटेल. 2018 मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावून बघितलं. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं, त्याहून कितीतरी कमी तसं झालं, आणि पत्र मिळालेल्यांचा आनंद लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. 2010 चा ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांचा प्रयोगही प्रसिद्ध आहे: विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांचे वरिष्ठांनी येऊन आभार मानले, तर पुढच्या आठवड्यात त्यांनी केलेले फोन निम्म्याहून अधिक वाढले. हा दुसरा प्रयोग मी जरा भीतभीतच सांगते आहे. उत्पादन वाढवायची युक्ती म्हणून आभार मानायला लागलात तर माणसं चार दिवसांत ओळखतील, आणि मग तुमच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि ऐन कडाक्याच्या वेळी? तेव्हा कृतज्ञता आठवत बसू नका. ते जमत नाही आणि जमायची अपेक्षाही चूक आहे. त्या वेळी शरीर हाताशी असतं, त्याच्यापासून सुरुवात करा. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवा, तीन-चार वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, हे आपल्या शरीरातच आहे. हात मागं बांधा, म्हणजे बोट कोणाकडं रोखलं जाणार नाही. आणि तोंडून पहिलं वाक्य प्रश्नाचं जाऊ द्या: ‘काय झालं काका?’ तेवढी सवय लावून घ्या. धोका असेल तिथं मोठ्यानं ओरडा, ‘मागं सरका!’ असं ओरडायलाच हवं. धोका टळल्यावर माणसाची लायकी काढणारं ओरडणं सोडायचं आहे.

आता मालकांचं वाक्य. ‘नशीबवान आहेस, कृतज्ञ राहा.’ त्यांचा हेतू वाईट असेलच असं मी म्हणत नाही. पण या वाक्यात कृतज्ञता राहत नाही, उपकाराची आठवण करून देणं उरतं. उपकार दाखवला की माणूस मान खाली घालतो आणि मागायचं थांबतो. तुम्हाला त्यांनी हेल्परपासून वर आणलं हे तुम्ही जाणता, ते जरूर सांगा. आणि त्याच बैठकीत मागा: वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा पंप किंवा त्यासाठी जनरेटर, दुसऱ्या शिफ्टला एक जबाबदार माणूस, तुम्हाला आठवड्याची पूर्ण सुट्टी. ज्या ताणाचं मूळ पंपात आहे तो वहीनं जाणार नाही. तुमच्यावर ज्यांनी विश्वास टाकला त्यांच्यापुढं खरी अडचण ठेवणं, हेही त्यांनी केलेलं जाणणंच आहे.

तुमच्यासारखी पत्रं मला फाउंड्रीबाहेरूनही येतात, म्हणून मध्येच थोडं त्यांच्यासाठी. बचत गटाची अध्यक्ष असलेली ताई हिशेब ठेवणाऱ्या मैत्रिणीला पावत्या विचारू शकत नाही, कारण ‘बिचारी फुकट करते.’ मुख्याध्यापक उशिरा येणाऱ्या जुन्या शिक्षकांना बोलू शकत नाहीत, कारण पडत्या काळात त्यांनीच शाळा धरली. तुमचा राग बाहेर येतो, यांचा आत साचतो आणि मग एका दिवशी फुटतो. त्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की आभार आणि हिशेब दोन्ही मागावेत, दोन वेगळ्या दिवशी. एकाच वाक्यात ‘तुम्ही खूप केलंत, पण...’ असं म्हटलं की समोरच्याला फक्त ‘पण’ ऐकू येतो.

घरी वळूया. बायकोनं विचारलं, वहीत माझं नाव येतं काय. त्यांना टोमणा मारायचा नसावा, खरंच जाणून घ्यायचं असावं. पाच महिने ‘कुटुंब’ लिहिलं असेल तर त्या शब्दात त्या दिसत नाहीत. पहिल्या शिफ्टला जाताना डबा हातात असतो तो किती वाजता उठून होतो? तुमच्या नव्या वहीतली पहिली नोंद मी सांगितल्याप्रमाणे नाव, काम आणि ते नसतं तर काय, अशी त्यांची असू दे. आणि वाचून दाखवा. त्या काहीतरी बोलून विषय बदलतील कदाचित. बदलू द्या.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. महिनाभर झोप नाही म्हणता. माफी मागितल्यावरही पंधरा दिवसांत ती परतली नाही, छातीत दाबल्यासारखं होत असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा, बीपी तपासून घ्या. छातीत दुखलं तर एक दिवसही थांबू नका. मनाचं बोलायला केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

कामं बरीच सांगितली. उद्यापासून सगळी करायची नाहीत. उद्या फक्त काकांचं करा. आणि ते करायच्या आधी, शिफ्ट सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटं लवकर जाऊन भट्टीपासून मागच्या टाकीच्या व्हॉल्वपर्यंत एकदा स्वतः चालत जा. वाटेत काय काय ओलांडावं लागतं, शिडी आहे का, व्हॉल्व किती घट्ट फिरतो, अंधारात तो हाताला कसा लागेल, आणि जाऊन यायला किती मिनिटं लागतात, ते बघा.